मदत हवी आहे: कनूच्या (वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीच्या) बुडावर इपॉक्सीत बुडबुडे आणि पांढरे डाग, कापून काढू की राहू देऊ?

नमस्कार मंडळी. असला धागा इथे कुणी काढला नसेल, पण इंग्रजीत विचारून झालंय, दहा जणांनी बारा उत्तरं दिली, आता म्हटलं आपल्या भाषेत विचारून बघू.

आम्ही ऑंटारिओत राहतो, पीटरबरोपासून तासाभरावर, म्हणजे कनूच्या माहेरीच म्हणा ना. पीटरबरो कनू कंपनी १९६१ला बंद पडली पण गावात कनूचं मोठं म्युझियम आहे, २०२४मध्ये नव्या इमारतीत गेलंय, ते बघून आले आणि डोक्यात किडा शिरला की आपणही एक बांधायची. तिथल्या जुन्या सीडर स्ट्रिपच्या, म्हणजे सीडरच्या लाकडी पट्ट्यांच्या, कनूंना आतून फासळ्या असतात आणि काच-बिच (फायबरग्लासचं कापड) काही नसते. माझी ती नाही, माझी नव्या पद्धतीची, मधे पाव इंची लाकूड आणि दोन्हीकडून फायबरग्लास, सँडविचसारखी.

१६ फूट, प्रॉस्पेक्टर नावाचा आकार. स्ट्राँगबॅकवर (लांब ताठ बैठकीवर) दर १२ इंचांवर प्लायचे फॉर्म (आकाराचे साचे) उभे केले, कनू त्यावर उलटी, बूड वर, कडांना पॅकिंग टेप लावली म्हणजे गोंद चिकटत नाही. वेस्टर्न रेड सीडरच्या पाऊण इंच रुंद पट्ट्या, एका कडेला गोलवा आणि दुसरीला खाच, एकीत एक बसते. १७ फुटी फळी काही मिळाली नाही म्हणून तिरके सांधे करून जोडल्या. नोव्हेंबर ते मार्च, जमेल त्या रात्री मुलगी झोपली की दोन पट्ट्या, कधी एकच. सत्तरच्या आसपास लागल्या. बुडाच्या मध्यावर शेवटची पट्टी बसवताना मी अक्षरशः श्वास रोखला होता, ती बसली आणि एकटीच नाचले गॅरेजमधे.

मग रंधा, मग सँडिंग, इथपर्यंत सगळं देखणं. घोळ झाला गेल्या शनिवारी, बाहेरून काच घालताना.

६ औंसाचं फायबरग्लासचं कापड, इपॉक्सी (रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर) २:१ प्रमाणात, हार्डनर स्लो, म्हणजे सावकाश धरणारा. रात्री गॅरेजमधे ५ डिग्री होतं, सकाळी आठला हीटर लावला, दहाला थर्मामीटर २० दाखवत होता म्हणून सुरू केलं. कापड छान बसलं, पारदर्शक झालं, आतलं लाकूड असं उजळलं की नवऱ्याला हाक मारून दाखवलं. हीटर चालूच ठेवला, थंडीत इपॉक्सी सुकणार नाही ही भीती. दुपारी जेवून आले तर बुडावर बारीक बारीक बुडबुडे, साबुदाण्यासारखे, काही ठिकाणी पट्टीच्या सांध्याला धरून ओळीच्या ओळी. शिवाय एका बाजूला तळहाताएवढे तीन पांढरट चंदेरी डाग, तिथे कापडाची वीण दिसते. तिथे मी स्क्वीजी (इपॉक्सी पसरायची रबरी पट्टी) जरा जास्तच दाबून ओढली होती बहुतेक.

आता प्रश्न असे की (अ) हे का झालं, (ब) वरून अजून इपॉक्सीचा हात मारला तर जाईल का, की कापून काढावं लागेल, (क) आतल्या बाजूला अजून काच घालायचीय, तिथे हेच परत होऊ नये म्हणून काय करू.

बाबा सध्या इथे आलेत, देवगडचे, लहानपण उलांडीच्या (बाजूला तोल धरणारा ओंडका बांधलेल्या) होडीत गेलेलं. ते रोज गॅरेजात येतात, एक फेरी मारतात आणि म्हणतात, "ह्यां पान्यात घालूचां काय शोकेसात ठेवूचां?" त्यामुळे प्रश्न इज्जतीचाही आहे.

प्रतिसाद:
एवढ्या पैशात दोन रेडिमेड आल्या असत्या ना? 😀 (पळतो)

प्रतिसाद:
वरच्यांकडे लक्ष देऊ नका ताई. मी मालवणचा, चुलत्यांचं फायबरच्या होड्यांचं काम आहे, लाकडी होड्या आता कमीच, बहुतेक सगळं फायबर. तुम्ही बुडबुडे म्हणताय ते आमच्याकडे रोलर नीट फिरवला नाही की होतं, हवा राहते मधे. आम्ही काय करतो, कडक झाल्यावर नाण्यानं वाजवत जातो. भरीव जागी टणटण वाजतं आणि पोकळ जागी भद्द. फणस पिकला का बघतो ना, तसंच. पोकळ लागलं की खडूनं गोल करायचा, ग्राइंडरनं उघडायचं आणि नवीन कापड मारायचं. पोकळ ठेवायचं नाही, पाणी एकदा आत शिरलं की सोलत जातं. आणि पुढच्या वेळी थंडी असेल तर हार्डनर थोडा जास्त घाला, लवकर धरतं.

धागाकर्ती:
धन्यवाद दादा! नाण्याची आयडिया भारी आहे, बाबांना कामाला लावते. रोलर फिरवला होता हो, आणि सुरुवातीचा तासभर एकही बुडबुडा नव्हता, तेच तर कळत नाहीये. जेवायच्या सुट्टीत आले ते.

प्रतिसाद:
मी ब्रिटिश कोलंबियात, दोन कनू बांधल्यात, पहिलीला डिट्टो हेच झालं होतं. 'तासभर एकही नव्हता' यातच उत्तर आहे तुमचं.

आधी ते हार्डनरचं. मालवणचे दादा म्हणतायत ते पॉलिएस्टर रेझिनला (त्यांच्या फायबरच्या होड्यांतल्या) चालतं, तिथे कॅटॅलिस्ट (घट्ट करणारं रसायन) कमीजास्त करून वेळ सांभाळतात. इपॉक्सीत हार्डनर हा निम्मा संसार आहे, प्रमाण ठरलेलं, जास्त घातलात तर लवकर वाळणार नाहीच, उलट कायमचं चिकट राहील. २:१ म्हणजे २:१.

आता बुडबुडे. तुमच्या गॅरेजमधली हवा २० डिग्री होती, लाकूड नव्हतं. रात्रभर ५ला गारठलेलं लाकूड दोन तासांत तापत नाही. तुम्ही इपॉक्सी लावलीत तेव्हा ते गार होतं आणि नंतर हीटर चालूच, म्हणजे ओल्या इपॉक्सीखाली लाकूड हळूहळू गरम होत गेलं. सीडर म्हणजे स्पंज, आतली हवा फुगली आणि वाट मिळेल तिथून, म्हणजे सांध्यातून आणि उघड्या रंध्रांतून, वर आली. तोवर इपॉक्सी घट्ट व्हायला लागलेली, मग हवा तिथेच अडकली. दुपारी दारातून ऊन येत असेल तर अजूनच.

म्हणून आतल्या बाजूला उलटं करा. आदल्या दिवशीपासून हीटर लावून ठेवा, लाकडाला हात लावून बघा, कोमट लागलं पाहिजे. मग इपॉक्सी ओतायच्या आधी हीटर बारीक करा. तापमान उतरत असताना लाकूड श्वास आत घेतं आणि इपॉक्सी ओढून घेतं. फार उतरू देऊ नका, १५च्या आसपास थांबवा. मी संध्याकाळीच लावतो.

डागांचं सांगतो. कापायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसून बघा. ओलं असताना पांढरेपणा गायब झाला तर फक्त वरची वीण रिकामी आहे, पुढच्या हातानं भरून जाईल. ओलं असूनही चंदेरी दिसतंय आणि नाणंही भद्द वाजतंय तर कापड लाकडाला धरलेलंच नाही, तिथे वरून कितीही ओता, उपयोग शून्य. तेवढंच काढायचं, हीट गनने इपॉक्सी मऊ करून स्क्रेपरनं, लाकूड जाळू नका. कडा दोनेक इंच घासून उतरत्या करा, त्याच ६ औंसाचा तुकडा लावा, वाळला की त्याच्या कडा घासा. दोन हातांनंतर मलाही माझा पॅच शोधावा लागतो. बारीक बुडबुडे टोकानं फोडून भरले तरी चालतात.

शनिवारचं काम म्हणजे पहिल्या थरावर न घासता दुसरा थर चिकटायची मुदत गेली. आधी साध्या पाण्यानं आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरनं धुवा, वर मेणचट थर येतो तो जायला हवा, मग सँडिंग. न धुता घासलंत तर तोच थर आत रगडला जातो.

आणि मास्क! आमच्या इकडे सॉमिलमधल्या लोकांना याच सीडरच्या भुशानं दमा होतो, वासाला कितीही गोड असलं तरी. साधा कापडी नको, फिल्टरवाला. शेवटी वरून यूव्हीवालं वॉर्निश विसरू नका, इपॉक्सी उन्हात टिकत नाही.

धागाकर्ती (अपडेट):
ब्रिटिश कोलंबियाकर, तुम्ही गॅरेजात येऊन बघून गेल्यासारखं लिहिलंत. दार पश्चिमेला आहे आणि मी जेवायला जाताना हवा खेळावी म्हणून अर्धं उघडं ठेवलं होतं, ऊन थेट बुडावर.

ओलं फडकं केलं. तीनपैकी दोन डाग गायब झाले, तिसरा ठार हलला नाही. बाबांनी पाच सेंटचं नाणं घेऊन नाळेपासून (पुढच्या टोकापासून) दुसऱ्या टोकापर्यंत सगळं बूड वाजवलं, पाऊण तास, कुणाशी बोलले नाहीत, आणि मला न दिसलेली अजून एक पोकळ जागा काढली, रुपयाएवढी, सांध्यावरच. खडूनं गोल केलाय. आज धुऊन झालं, पॅच शनिवारी संध्याकाळी, दार बंद करून.

एक राहिलंच, वरच्या कडेच्या पट्ट्यांना इथे सगळे अ‍ॅशचं लाकूड वापरतात, बाबांचं म्हणणं साग का नाही. वजनाचं सोडून अजून काही कारण आहे का? त्यांना सांगायला हवंय.