पुतणीसाठी लॅपटॉप: तीन किलोचा की सव्वा किलोचा?

लेस्टरहून

नमस्कार मंडळी,

पुतणी कासारवडवलीला राहते, नोकरी महाप्याच्या एमआयडीसीत आर्किटेक्टकडे. घोडबंदर रोडवरून ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरने कोपरखैरणे, पुढे रिक्षा. आठवड्यातून दोनदा खारघरची साइट. काम रेव्हिटचं (इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) आणि एन्स्केपचं (त्या मॉडेलमधून फिरवून खरंखुरं चित्र दाखवणारं). नोव्हेंबरात मी ठाण्याला जातोय, तेव्हा तिच्यासाठी लॅपटॉप न्यायचा विचार आहे. एकीकडे थिंकपॅड पी१६सारखं १६ इंची वर्कस्टेशन, दुसरीकडे एक्स१ कार्बनसारखा पातळ. पुतणी म्हणते, ‘काका, ताकदवानच घ्या.’ वहिनी म्हणतात, पाठ मोडेल पोरीची. जाणकारांनी सांगावं.

रेडिंगहून

दादा, आधी तिचं काम मोजा, मशीन मागाहून.

रेव्हिटचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे त्यातल्या एकाच गणकावर चालतं. भिंत सरकवली की तिच्यातलं दार, त्यामागची खोली, त्या खोलीचं शेड्यूल (तक्ता) हे सगळं एकामागून एक बदलतं, वाटून घेता येत नाही. त्यामुळे २४ कोअर असले तरी त्यातले बरेचसे बसून राहतात आणि उपयोगाला येतो तो एका कोअरचा वेग. त्या बाबतीत चांगला पातळ लॅपटॉप वर्कस्टेशनच्या फार मागे नसतो. एन्स्केपचं उलट आहे. त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं आणि त्या कार्डावरची मेमरी लागते. म्हणजे एकाच पोरीची दोन कामं दोन वेगळी मशीनं मागतात, खरी अडचण ती आहे.

तिला हे करायला सांगा: ऑफिसातल्या डेस्कटॉपवर सगळ्यात मोठं मॉडेल सगळ्या लिंकसकट (जोडलेल्या इतर फाइलींसकट) उघडायचं. एक थ्रीडी व्ह्यू आणि दोन-तीन शीट उघडी ठेवायची. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीचा ‘इन यूज’ आकडा लिहून घ्यायचा. मग एन्स्केप चालू करून पूर्ण सीन फिरवायचा आणि तोच आकडा पुन्हा, शिवाय जीपीयूखालचा (ग्राफिक्स कार्डाखालचा) ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’चा. हे तीन आकडे आणि फाइलींचे आकार कळवा.

अंदाजाला ठोकताळा असा की फाइलच्या आकाराच्या साधारण २० पट रॅम लागते. त्यात लिंक केलेल्या फाइलीही धरायच्या. लोक नेमकं तेच विसरतात.

वाशी मुक्कामाहून

पातळ मशीन पाहाल तेव्हा दोन सापळे लक्षात ठेवा.

पहिला, स्नॅपड्रॅगनवाले. दिसायला देखणे, बॅटरीही छान टिकते, पण ते एआरएम या वेगळ्या घडणीच्या चिपवर चालतात आणि रेव्हिटला ते चालत नाहीत. मॅकबुकचीही तीच गत. ऑटोकॅड मॅकवर येतं, रेव्हिट येत नाही. दुसरा, इंटेलचे कोअर अल्ट्रा २००व्ही. यांची रॅम चिपच्याच पॅकेजात बसवलेली असते आणि ३२ जीबीच्या वर मिळतच नाही. १६ची घेतली तर जन्मभर १६.

आता जाड्या मशीनबद्दल. कार्डाचं नाव वाचून भुलू नका. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवरही येतं आणि ११५ वॅटवरही, डब्यावर मात्र नाव तेच. दुकानात उभ्या उभ्या बघायचं असेल तर एन्व्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ वाचा. सेल्समनला हे नको असतं, पण दोन मिनिटांचं काम आहे.

प्रोसेसरचंही तसंच आहे. पहिलं अर्धं मिनिट सगळेच पळतात. सिनेबेंच आर२३ या वेगचाचणीची दहा मिनिटांची फेरी लावा आणि सोबत एचडब्ल्यूइन्फो या मोजणीच्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचे वॅट बघत बसा. सुरुवातीला ६० दिसले आणि चौथ्या मिनिटाला २५ वर बसले, तर तुमचं मशीन २५ वॅटचं. ही चाचणी शोरूमच्या एसीत २४ अंशांना होते हेही ध्यानात असू द्या. खारघरच्या पत्र्याच्या साइट ऑफिसात एप्रिलमध्ये ३६ असतात. हवा १२ अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच जास्त तापते. मग एसीत ९५ अंशांवर चाललेली चिप १०० ला टेकते आणि वेग उतरवते. वर्कस्टेशनचे जाड पंखे कामाला येतात ते इथे, हे कबूल.

पावसाळ्यात थंडगार ऑफिसातून साइटवर गेल्यावर लगेच झाकण उघडू नये. गार धातूवर दमट हवेचं पाणी धरतं. बॅगेतच अर्धा तास राहू द्यावं.

मँचेस्टरहून

वजनाचा हिशेब कोणी मांडलाच नाही. पी१६ जेन २ चं किमान वजन २.९५ किलो. २३० वॅटचा चार्जर धरला की पावणेचारच्या आसपास. आणि तो चार्जर घरी ठेवून चालत नाही. विमानाच्या नियमापायी लॅपटॉपच्या बॅटऱ्या १०० वॅट-अवरच्या आतच ठेवतात, त्यातून २०० वॅट ओढणं झेपत नाही, म्हणून प्लग काढला की ग्राफिक्स कार्ड मान टाकतं. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये बॅग पोटाशी धरून उभं राहायचं असतं. एक्स१ कार्बनचा जेन १२ हा १.०९ किलोपासून सुरू होतो आणि ६५ वॅटच्या टाइप-सी चार्जरवर भागवतो.

माझं मत सरळ आहे. जे मशीन महिन्याभरात टेबलावरून हलायचं बंद होणार, त्याला लॅपटॉपची किंमत का मोजायची?

लेस्टरहून

आकडे आले. मुख्य मॉडेल २४० एमबी, स्ट्रक्चर आणि एमईपीच्या (वीज, पाणी, एसीच्या) लिंक मिळून ४१०. एन्स्केपशिवाय मेमरी १९ जीबी, एन्स्केपसकट २७. डेडिकेटेड जीपीयू मेमरी ९.४ जीबी, ऑफिसातलं कार्ड १२ चं आहे.

रेडिंगहून

या ९.४ च्या आकड्याने निकाल लावला, दादा.

६५० एमबीला २० ने गुणलं की १३ जीबी, वर विंडोज, ब्राउझर, पीडीएफ. १९ पटतं. पण एन्स्केपला ९.४ जीबी हवेत आणि लॅपटॉपमधलं ४०६० घ्या, ४०७० घ्या, दोन्ही ८ जीबीचेच. उरलेलं साध्या रॅममध्ये सांडतं आणि तिथून चित्र अडखळत येतं. १२ जीबीचं कार्ड हवं तर लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ३५०० एडाच्या वर्गात जावं लागतं, म्हणजे पुन्हा जड मशीन.

ते काम करणारं मशीन महाप्यात आधीच उभं आहे, मग एन्स्केपमधला वॉक-थ्रू (मॉडेलमधला फेरफटका) तिथेच होऊ द्या. बॅगेत रेव्हिटपुरता सव्वा किलोचा इंटेल किंवा एएमडीचा, ३२ जीबीचा. एन्स्केप नसताना १९ लागतात, तेव्हा ३२ पुरतील. १६ अजिबात नको.

साइटवरून ऑफिसचा डेस्कटॉप गाठायचा असेल तर तीन गोष्टी. डेस्कटॉपवर विंडोज प्रो हवं, विंडोज होम बाहेरून रिमोट डेस्कटॉपने आत येऊ देत नाही. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट राउटरवर उघडं टाकू नये, आधी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित मार्ग), मग रिमोट. आणि बायोसमध्ये (डेस्कटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ चालू करून ठेवावं. नाहीतर दुपारी लाइट जाऊन आली की डेस्कटॉप बंदच राहतो आणि खारघरला बसून कोणी बटण दाबू शकत नाही.

वाशी मुक्कामाहून

मग तिकडून आणायचंच कशाला? ब्रिटनमधली प्रवाशांची व्हॅट परताव्याची योजना २०२० अखेर बंद झाली, म्हणजे २० टक्के तुमच्याच खिशातून. भारतात जीएसटी १८. कस्टम्सची अडचण नाही, १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटीशिवाय आणता येतो. पण तुमचा स्वतःचा बरोबर असणार, मग हा दुसरा ठरेल. शिवाय ब्रिटिश कीबोर्डवर एंटर उभं आणि ₹ नाही. वॉरंटी भारतात चालते का हे मॉडेलगणिक वेगळं. प्लग बदलताना लोक दोन पिनी कनव्हर्टर लावतात, अर्थिंग तुटतं आणि धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात.

पैसे पाठवा, मशीन तिला इथेच घेऊ दे. फक्त दुकानात समोर ठेवलेला बहुधा १६ जीबीचा असतो आणि ‘नंतर वाढवून देऊ’ म्हणतात. पातळ मशीनमध्ये रॅम सहसा बोर्डावर सोल्डर केलेली असते, वाढत नाही. ३२ ची ऑर्डर आत्ताच टाकली तर तुम्ही पोचेपर्यंत यायला वेळ आहे.

लेस्टरहून

ठरलं. तिला कळवतो. वहिनींनाही.