एक्सेलच्या सेलमधला रंग ही 'माहिती' धरावी का?

वहीखाते
आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये असतो. हिरवा म्हणजे पैसे जमा, पिवळा म्हणजे चेक दिलाय पण वटलेला नाही, लाल म्हणजे थकबाकी. यंदा खजिनदार बदलले आणि सात-आठ फ्लॅटसमोरच्या फिकट केशरीचा अर्थ कोणालाच सांगता येईना. रंगावर माहिती ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे. शेजारी 'स्थिती' असा कॉलम घ्या, त्यात 'जमा', 'चेक', 'थकीत' लिहा. समइफ, काउंटइफ (अट घालून बेरीज आणि मोजणी करणारी सूत्रं), पिव्होट टेबल (गटवार गोषवारा काढणारा तक्ता) यांतल्या कशालाही सेलचा रंग दिसत नाही. फाइल सीएसव्ही (नुसता मजकूर आणि आकडे ठेवणारा प्रकार) करून पाठवली की रंग जातात, आणि त्यांच्याबरोबर अर्थही जातो.

रोजमेळ
अजिबात पटलं नाही. रंगानुसार फिल्टर एक्सेल २००७ पासून आहे. फिल्टर लावा, खाली सबटोटल टाका, समोर दिसणाऱ्या ओळींचीच बेरीज मिळते. शिवाय ही फाइल बघतं कोण? कमिटीतली माणसं, तीही मीटिंगमध्ये. दीडशे ओळींत 'थकीत' शब्द शोधत बसायचं की लाल पट्टे बघून मोकळं व्हायचं?

वहीखाते
एका कॉलमवर एका वेळी एकाच रंगाचा फिल्टर लागतो. लाल आणि पिवळा मिळून येणं किती, हे काढायला दोनदा फिल्टर लावून बेरीज करावी लागते. शब्द असतील तर दोन खुणा केल्या की झालं. आणि लाल पट्टे मलाही हवेतच की! कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. 'थकीत' निवडलं की सेल आपोआप लाल होईल, 'जमा' केलं की हिरवा. हाताने रंगवलेला सेल मात्र पैसे भरल्यावरही कोणी बदलेपर्यंत लालच राहतो. त्यावरून एखाद्या सभासदाला विनाकारण नोटीस गेली तर?

मंद_उजेड
एक मुद्दा राहिलाच. मला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. पुरुषांमध्ये हे बऱ्यापैकी आढळतं, पण फाइल बनवणाऱ्याच्या डोक्यात ते येत नाही. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या निकषांतला १.४.१ हा मुद्दा नेमका हाच आहे : अर्थ केवळ रंगावर सोडू नका. नोटीस बोर्डावर काळी-पांढरी प्रिंट लागली की बाकीच्यांनाही सगळं करडं दिसतं. रंग ठेवा, पण सोबत शब्द हवाच.

ताळेबंद
थोडं वेगळं सांगतो. फायनान्शियल मॉडेलिंगमध्ये हाताने भरलेला आकडा निळ्या अक्षरात, सूत्र काळ्यात, आणि बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या शीटवरून आलेलं हिरव्यात, असा रिवाज आहे. नवा माणूसही शीट उघडल्याबरोबर कुठे हात लावायचा ते ओळखतो. तिथे कोणी वेगळा कॉलम मागत नाही.

वहीखाते
कारण सेलवर क्लिक केलं की सूत्र आहे की आकडा, ते दिसतंच. रंग पुसला तरी काही हरवत नाही. आमचा केशरी पुसला तर?

रोजमेळ
केशरीचा दोष रंगाचा नाही, कोणत्या रंगाचा काय अर्थ याची सूची न लिहिण्याचा आहे. कॉलम असता तर त्या खजिनदारांनी 'प्रलं. बघणे' असं काहीतरी लिहिलं असतं, आणि त्याचाही अर्थ आज तुम्हाला लागला नसता. मी सभासदांशी फोनवर बोलताना पटकन सेल रंगवतो. 'पुन्हा फोन करायचा', 'चिडलेत, जरा थांबू' यासाठी कोणी कॉलम काढत नाही.

वहीखाते
ती तुमची कच्ची टिपणं झाली, जरूर रंगवा. हिशेबाच्या शीटमध्ये डेटा व्हॅलिडेशनने चार शब्दांची यादी लावली, तर 'प्रलं. बघणे' टाइपच करता येत नाही. रंगांना अशी मर्यादा घालता येते का?

रोजमेळ
दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलं की ते व्हॅलिडेशनही निघून जातं. आमच्या कमिटीत सगळेच पेस्ट करतात.