मदत हवी आहे : कुमार कादंबऱ्यांच्या ऑनलाइन शोधस्पर्धेत उत्तर वाचूनच मिळावे, यासाठी काय करता येईल?

सर्वांना नमस्कार. नाशिकमध्ये आमच्या सोसायटीच्या एका खोलीत मी मुलांसाठी वाचनालय चालवते. बारा ते सोळा वर्षांची चाळीसेक मुले तेथे नियमित येतात. येत्या १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापासून मराठीत कुमार कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकांची एक ऑनलाइन शोधस्पर्धा घेण्याचे मी ठरवले असून नऊ लेखकांनी होकारही दिला आहे. मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत घेतलेल्या छोट्या चाचणीत जे घडले, त्यामुळे आहे त्याच स्वरूपात पुढे जाण्याचा धीर होत नाही.

कल्पना माझी नाही. कॉलीन हाऊक या अमेरिकन लेखिकेने ‘वाय ए स्कॅव्हेंजर हंट’ हा शोधस्पर्धेचा उपक्रम सुरू केला आणि तो वर्षातून दोनदा होत असे. तिकडे बारा ते अठरा या वयासाठीच्या साहित्याला ‘यंग अ‍ॅडल्ट’, थोडक्यात ‘वाय ए’, म्हणतात आणि ग्रंथालयांत त्याचे वेगळे दालन असते. या उपक्रमात वीसेक लेखकांचा एक असे रंगांच्या नावांचे संघ केले जातात. प्रत्येक लेखक आपल्या संकेतस्थळावर संघातील दुसऱ्या एका लेखकाला जागा देतो. त्या पानावर पाहुण्या लेखकाने खास या स्पर्धेसाठी दिलेला मजकूर असतो, कधी कादंबरीतून गाळलेला प्रसंग, तर कधी एखाद्या पात्राचे पत्र. त्याच पानावर कोठेतरी एक आकडा असतो आणि खाली पुढच्या लेखकाच्या पानाचा दुवा. संघातील सर्व आकड्यांची बेरीज पाठवणाऱ्यांतून एकाची निवड होते आणि त्याला त्या संघातील प्रत्येक लेखकाचे एक पुस्तक मिळते. एका लेखिकेच्या ओढीने आलेला वाचक दुसरीच्या दारात जाऊन उभा राहतो, ही यातील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट.

माझी मुलगी दहावीत असताना हाऊक यांच्या वाघ होणाऱ्या भारतीय राजपुत्राच्या मालिकेमुळे तेथे पोहोचली. स्पर्धा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील दुपारी बारा वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेबाराला उघडे, म्हणून ती गजर लावून उठली होती. तिची त्या वेळची वही मी जपून ठेवली आहे. एका रकान्यात लेखकांची नावे, दुसऱ्यात आकडे, आणि पाच नावांपुढे पेन्सिलने काढलेल्या चांदण्या. बक्षीस काही मिळाले नाही, परंतु त्या पाचांपैकी तिघींची पुस्तके तिने पुढे वर्षभरात मिळवून वाचली. मराठीतल्या मुलांच्या वह्यांत अशा चांदण्या दिसाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे. आपल्याकडे कुमारांची कादंबरी दुकानात बालविभागातच ठेवलेली असते आणि तेरा वर्षांचे मूल त्या कपाटाकडे फिरकतही नाही. लेखक आहेत, पुस्तके आहेत, पण वाचकाची आणि त्यांची गाठच पडत नाही.

आता चाचणीविषयी. चार लेखकांचे उतारे मी एका मोफत ब्लॉगवर चार पानांत ठेवले आणि मूळ उपक्रमाप्रमाणे आकडे रंगीत, लाल, ठेवले. एकूण ४३ उत्तरे आली, त्यांपैकी ३९ बरोबर. मला फार आनंद झाला. मग उत्तरांच्या वेळा पाहिल्या, तर पहिले उत्तर वीस मिनिटांनी आले होते आणि नंतरची बहुतेक अर्ध्या तासात एकामागून एक आली होती, कारण बेरीज मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोहोचली होती. आठवीतल्या एका मुलीला मी विचारले, की कोणता उतारा आवडला. ती अगदी सरळपणे म्हणाली, “ताई, मी फक्त लाल आकडे बघितले.” हे मनाला लागले, परंतु दोष तिचा नव्हता. मी वाटच अशी आखली होती, की वाचण्याची गरज उरली नव्हती. तिकडच्या स्पर्धेत येणाऱ्याला निदान एका तरी लेखिकेची आधीपासून आवड असते, म्हणून रंगीत आकडा तिथे चालून जातो. आमच्या मुलांना या चौघांपैकी एकाचेही नाव ठाऊक नव्हते.

एका पानाचा अनुभव मात्र वेगळा होता. त्या लेखिकेने रंगीत आकडा घालू दिला नाही आणि तो प्रसंगातच गुंफला. आजी डब्यात चिंचोके मोजून ठेवते, नातू खेळायला मूठभर काढतो, त्यांतले काही खाटेखाली घरंगळतात आणि संध्याकाळी आजी डबा उघडते. डब्यात किती उरले, हे मजकुरात कोठेही सांगितलेले नाही. वाचनालयात दोन मुलांचा यावरून चांगलाच वाद झाला, की खाटेखालचे चिंचोके नातवाने परत डब्यात टाकले की खिशात घातले. दोघांनी तो उतारा माझ्यादेखत तीन वेळा वाचला. मला हवे आहे ते हेच.

तेव्हा माझी मुख्य विचारणा अशी, की नऊही पानांवर हे साधावे, तरीही त्याला प्रश्नपत्रिकेची कळा येऊ नये, यासाठी काय करावे? बेरीज गटांवर फिरू लागली तर काय करावे? विजेता सोडतीने काढावा असा विचार आहे, आणि मुलांची नावे व पत्ते घ्यावे लागतील, त्याबाबत काही अडचण येऊ शकते का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ :

ताई, मी काही वर्षे एका दिवाळी अंकातील मुलांच्या कोड्यांचे पान सांभाळले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. सर्वांचे उत्तर एकच असेल तर ते फिरणारच, म्हणून उत्तर प्रत्येकाचे वेगळे करावे. नऊ पाने वर्तुळासारखी एकमेकांना जोडा, म्हणजे नवव्यानंतर पुन्हा पहिले येईल. नोंदणी करणाऱ्याला सुरुवातीचे पान चिठ्ठीने द्या. जे पान त्याला पहिले लागेल त्याचा आकडा एकने गुणायचा, दुसऱ्याचा दोनने, असे नऊपर्यंत जाऊन मग बेरीज करायची. सर्वांना नऊही लेखक भेटतील आणि तरी नऊ वेगवेगळी उत्तरे तयार होतील. फक्त त्या नऊ बेरजांत योगायोगाने दोन सारख्या येत नाहीत ना, हे आधी तपासून घ्या. अर्थात, मुलांनी आकड्यांची यादीच पाठवली तर हाही उपाय थिटा पडेल. म्हणून शेवटी एकच मोकळा प्रश्न ठेवा, की नवांपैकी कोणत्याही एका लेखकाला तीन ओळींचे पत्र लिहा. आणि आकडा कोठे दडवायचा हे लेखकांवर सोपवा. शिक्षक प्रश्न काढतो तेव्हा परीक्षा होते, पण लेखकाने प्रसंगातच काही हरवून ठेवले तर मूल ते आपणहून शोधते.

प्रतिसाद २ :

सोडतीबाबत थोडे सावध राहावे. आपल्याकडे १९५५चा बक्षीस स्पर्धा कायदा आहे. अक्षरे, शब्द किंवा आकडे यांच्या जुळणीवर आधारलेल्या कोड्यांना बक्षिसे देणाऱ्या स्पर्धा त्यात येतात, आणि एका महिन्यात १,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या बक्षिसांना मनाई आहे. नऊ पुस्तकांचा संच सहज त्यापुढे जाईल. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चामरबागवाला प्रकरणात असे स्पष्ट केले, की ज्या स्पर्धांतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते त्यांना हा कायदा लागू नाही. म्हणून विजेता चिठ्ठीने काढू नका, पत्रे वाचून निवडा. प्रवेशशुल्क घेऊ नका आणि पुस्तक विकत घेण्याची अटही घालू नका. एखाद्या वकिलांना नियमावली दाखवून घेतलेली बरी. मुलांच्या माहितीबाबत २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. तुम्ही सांगितलेल्या अमेरिकन स्पर्धेतही अठरा वर्षांखालील मुलांना पालकांची परवानगी आवश्यक असे. नोंदणी पालकांच्याच हस्ते करून घ्या, मुलाचे टोपणनाव चालेल, आणि घरचा पत्ता फक्त विजेत्याच्या पालकांकडून नंतर मागा.

धागालेखिकेचे उत्तर :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सोडत रद्द केली आहे. पत्रे ज्या लेखकाच्या नावे येतील त्यानेच ती वाचावी आणि प्रत्येकाने एक पत्र निवडावे, असे आज सहा लेखकांशी बोलून ठरवले. उरलेल्या तिघांशी उद्या बोलेन. वर्तुळाची कल्पना माझ्या मुलीला इतकी पटली, की तिने त्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर नऊ बेरजा मांडून पाहिल्या. दोन सारख्या आल्याच होत्या, म्हणून एक आकडा बदलला.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. वाचनालयातल्या निम्म्या मुलांना फोन मिळतो तो आईवडील कामावरून परतल्यावर, रात्री तासभर. तेवढ्यात नऊ पाने नीट वाचून होणार नाहीत आणि घाईत पुन्हा आकड्यांकडेच धाव घेतली जाईल. म्हणून स्पर्धा नऊ रात्री चालवावी आणि रोज एकच पान वाचले तरी पुरेसे व्हावे, असे मनात आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी या वयाचे कोणी असेल, त्यांनी मला निरोप पाठवावा. मी चिंचोक्यांचे पान पाठवते. ते त्यांना वाचायला द्यावे आणि उत्तर सापडेपर्यंत किती मिनिटे लागली, तेवढे कळवावे.