मदत हवी आहे: ओलेइक ॲसिड पीकेसीला (प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमला) थेट चालना देतंय की प्लेटलेट्स फुटतायत?

नमस्कार मंडळी. प्लेटलेट्सवर काम केलेलं कुणी आहे का इथे?

धुतलेल्या प्लेटलेट्समध्ये ५० मायक्रोमोलर ओलेइक ॲसिड घातलं की वेस्टर्न ब्लॉटवर फॉस्फेट लागलेल्या प्लेक्स्ट्रिनची (पीकेसी ज्याला फॉस्फेट लावतं त्या प्रथिनाची) ४७ किलोडाल्टनची पट्टी ठळक होते, म्हणजे प्रोटीन कायनेज सी कामाला लागलेलं दिसतं. ॲग्रिगोमीटरची (प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात का ते मोजणाऱ्या यंत्राची) रेघ मात्र ढिम्म हलत नाही.

ॲराकिडोनिक ॲसिड असतं तर प्रश्नच नव्हता. कॉक्स-१ आणि थ्रोम्बॉक्सेन सिंथेज ही एन्झाइम्स मिळून त्यातून थ्रोम्बॉक्सेन ए२ तयार करतात, ते रिसेप्टरला चिकटतं, फॉस्फोलायपेज सी सुरू होतं, डायॲसिलग्लिसरॉल आणि कॅल्शियम वाढतं, मग पीकेसी. पण ओलेइकपासून थ्रोम्बॉक्सेन होतच नाही. कॉक्स अडवणारं इंडोमेथॅसिन घालूनही पट्टी तशीच आहे.

पीआरपीत (न धुतलेल्या, प्लेटलेट्सनी भरलेल्या प्लाझ्मात) मात्र काहीच दिसत नाही. त्याचं कारण अल्ब्युमिन असावं. प्लाझ्मात ते साधारण ६०० मायक्रोमोलर असतं, माझं ओलेइक त्यातच अडकणार.

गाइड म्हणतात, "ओलेइक साबणासारखं वागतं, हा सगळा त्या साबणाचा प्रताप, पेशी फुटल्यात." त्यांना खोडायचं कसं?

– पिपेटवाली

रक्तपेढीकर: आधी एलडीएच (पेशी फुटली की बाहेर सांडणारं एन्झाइम) बाहेर पडतंय का ते मोजा. पडत असेल तर गाइड बरोबर, विषय संपला. नसेल तर शेजारी इलायडिक ॲसिड लावा. तेच १८ कार्बन, दुहेरी बंध एकच, फक्त ट्रान्स. पीकेसीला ते चालना देत नाही. स्टिअरिकच्या नादी लागू नका, ते धड विरघळत नाही. आणि बफरमध्ये कॅल्शियम आहे का? असेल तर ओलेइकचा साका बसतो आणि तुमचा ५०चा आकडा कागदावरच राहतो.

जुना_सेंट्रिफ्यूज: पट्टी दिसली म्हणून पीकेसीच, असं धरू नका. पीकेसी अडवणारं बिसइंडोलिलमॅलेइमाइड घालून ती जाते का बघा. जात असेल तर डायसी८ (पेशीत शिरू शकणारं आखूड डायॲसिलग्लिसरॉल) इतकं कमी घ्या की त्याची एकट्याची पट्टी जेमतेम दिसेल, आणि त्यावर ओलेइक घाला. पीकेसी शोधणाऱ्या निशिझुकांच्या गटाने दाखवलंय की ओलेइकसारखी सिस असंतृप्त मेदाम्लं डायॲसिलग्लिसरॉलच्या जोडीने पीकेसीला जास्त जोर देतात, तेही कमी कॅल्शियमवर. नुसत्या ओलेइकच्या पट्टीपेक्षा ही जोडीची पट्टी गाइडना जास्त पटेल.

पिपेटवाली: दोघांचेही आभार! बफरमध्ये १ मिलिमोलर कॅल्शियम आहे, ते काढून बघते. एलडीएच उद्याच लावते. इलायडिक इथेनॉलमध्येच विरघळवायचं ना? आणि नुसत्या इथेनॉलचा कंट्रोल प्रत्येक ब्लॉटवर हवाच का?