बॉयलर ट्यूबची टोकं बेव्हल (वेल्डिंगसाठी तिरकी) करायचं हवेवरचं मशीन घ्यावं, की चार इंची ग्राइंडरच बरा?

कराडचा_फॅब्रिकेटर:

नमस्कार मंडळी. आमचं बॉयलर रिपेअरचं छोटं काम आहे, मुख्यतः साखर कारखान्यांचं. गळीत हंगाम संपला की आमचा हंगाम सुरू. यंदा एका को-जनचं (कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाचं) काम मिळालंय. बॉयलर बगॅसवरचा (उसाच्या चिपाडावरचा), ८७ केजी दाबाचा. सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) कॉइल बदलायच्या आहेत (ओडी म्हणजे बाहेरचा व्यास ४४.५ मिमी, जाडी ५, टी२२ हे मिश्र पोलाद) आणि फर्नेसच्या मागच्या भिंतीतल्या बऱ्याच वॉटरवॉल ट्यूब (६३.५ ओडी, ५ जाडी, साधं कार्बन स्टील). सगळे मिळून चारशेच्या वर बट जॉइंट होतील.

आतापर्यंत आम्ही बेव्हल ग्राइंडरनेच मारत आलोय. माझ्याकडचे दोन फिटर हाताने इतका सुंदर बेव्हल काढतात की बघत राहावं. तरी एक्सरेला रूटमधले (जॉइंटच्या सगळ्यात आतल्या थरातले) रिपेअर निघतातच. एकाच जॉइंटला एका बाजूला पेनिट्रेशन कमी, दुसऱ्या बाजूला वितळून आत लोंबलेलं. वेल्डर म्हणतो फिटअप वाईट, फिटर म्हणतो वेल्डरचा हात वाईट, आणि रिपेअरचं बिल माझ्या खिशातून.

परवा एक सप्लायर शेडवर येऊन डेमो देऊन गेला. नळीच्या आत मॅन्ड्रेल (आतून पकडणारा दांडा) घालून घट्ट करायचं, हवा सोडायची, रॅचेट फिरवत हाताने फीड द्यायचा. व्हाइसमध्ये पकडलेल्या तुकड्यावर झकास काम झालं. पण कारखान्यात ट्यूब व्हाइसमध्ये नसते, भिंतीत असते, आणि मी स्कॅफोल्डिंगवर एका गुडघ्यावर असतो. म्हणून ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांना विचारतो: हवेवरचं घ्यावं की विजेवरचं? भिंतीतल्या दोन ट्यूबच्या मधे डोकं बसतं का? गॅसने कापलेल्या टोकावर चालतं का? आणि विकत घ्यावं की भाड्याने? दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपन ठरलंय. पत्रिका छापून होतील, तारीख काही हलत नाही.

टिगवाला_मिरज:

मी वेल्डर आहे, मशीन चालवत नाही, पण मशीनने केलेल्या टोकांवर बरंच वेल्डिंग केलंय. फरक असा की दोन टोकांमधला गॅप एकदा सेट केला की गोल फिरेपर्यंत तो तेवढाच राहतो. २.४ मिलिमीटरची फिलर तार, गॅप अडीच, लँड (बेव्हलच्या तळाशी ठेवलेली सपाट कड) दीड. हात एका लयीत चालतो. ग्राइंडरच्या टोकाला दर इंचाला करंटचा विचार करावा लागतो. तुमच्या फिटरना नावं ठेवत नाही हो दादा, पण बेव्हल बाहेरून सुंदर दिसतो त्याचा मला काय उपयोग, मी वेल्डिंग करतो ते आतल्या कडेवर.

निवृत्त_फोरमन:

मिरजकरांनी नेमकं दुखणं सांगितलं. मी औष्णिक केंद्रात बॉयलर मेंटेनन्सला होतो, २१० मेगावॅटच्या संचांवर. निवृत्तीनंतर शटडाऊनच्या कामांवर सुपरवायझर म्हणून फिरलो, त्यात साखर कारखानेही आले. थोडं लांबेल, चालवून घ्या.

वेग मिळेल म्हणून हे मशीन घेणार असाल तर घेऊ नका. चांगला फिटर मोकळ्या जागेत ग्राइंडरने जवळपास तेवढ्याच वेळात टोक करतो. मशीनचा खरा फायदा ते नळी आतून पकडतं यात आहे. सीमलेस ट्यूबची भिंत सगळीकडे सारखी जाड नसते. ५ ची म्हणून आलेली ट्यूब एका अंगाला ५.३ आणि समोरच्या अंगाला ४.८ असू शकते. ग्राइंडर मारणारा माणूस बाहेरची कड बघून घासतो, म्हणून जिथे भिंत जाड तिथे लँड जाड उरते आणि पातळ अंगाला चाकूसारखी धार होते. तुमच्या एक्सरेत एकाच जॉइंटला दोन्ही दोष दिसतात त्याचं मला तरी हेच कारण वाटतं. मॅन्ड्रेल आतल्या बोअरवर सेंटर होतं. कटर त्या सेंटरभोवती फिरतो, त्यामुळे लँड आतल्या कडेपासून मोजून गोलाकार सारखी निघते. बाहेरून बेव्हलची रुंदी कमीजास्त दिसेल, दिसू द्या.

आता तुमचे प्रश्न.

हवेवरचंच घ्या. फर्नेसच्या आत आपण हँडलॅम्पसुद्धा २४ व्होल्टचा वापरतो. चारी बाजूंनी लोखंड, पावसाळ्याचे दिवस, अंगाला घाम, तिथे २३० व्होल्टची केबल ओढायची मला तरी हिंमत नाही. मात्र हवा पुरेशी हवी. मशीन चालू असताना मशीनच्या तोंडाशी ६ बार मिळाले पाहिजेत. कॉम्प्रेसरच्या घड्याळावर ७ दिसतात आणि वर चौथ्या मजल्यावर पाऊण इंचीऐवजी अर्धा इंची पाइप जोडलेला असतो, मग मशीन कापता कापता थांबतं आणि लोक बिटला (कापणाऱ्या हत्याराला) शिव्या घालतात. कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट एअरवर जोडू नका, इन्स्ट्रुमेंटवाले भांडायला येतील आणि त्यांचं बरोबर असेल. आपला कॉम्प्रेसर न्या. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत पाणी फार येतं. फिल्टरचा वाडगा दर दोन-तीन तासांनी रिकामा करा, लुब्रिकेटरमध्ये तेल बघा. आणि एक्झॉस्टच्या हवेने भिंतीवरची राख थेट डोळ्यात उडते. गॉगल घातल्याशिवाय कुणाला मशीन देऊ नका.

जागेचं गणित आधी कागदावर करा. ६३.५ ची ट्यूब आणि पिच (एका ट्यूबच्या मध्यापासून शेजारच्या ट्यूबच्या मध्यापर्यंतचं अंतर) ७६.२ असेल तर दोन ट्यूबच्या मधे साडेबारा-तेरा मिलिमीटरच उरतात, त्यातही मेंब्रेनची (दोन ट्यूब जोडणारी) पट्टी. पूर्ण पॅनेल काढून नवं लावणार असाल तर सोपं आहे. एकेक ट्यूब बदलणार असाल तर शेजारची ट्यूब जागेवरच असते, आणि कटरच्या डोक्याचा बाहेरचा व्यास तिला घासतो. सप्लायरला पिच सांगा आणि डोक्याचा व्यास लेखी मागा. काही मशीनना असा बिट मिळतो की बेव्हल करता करता ट्यूबला चिकटलेली मेंब्रेनची शेंडीही कापून निघते. तुम्हाला तो लागेल. नसेल तर पट्टी आधी जॉइंटच्या बरीच मागेपर्यंत साफ करावी लागते, आणि ते करताना ग्राइंडरची डिस्क ट्यूबला लागली की नवीन दुखणं.

कॉइलचं वेगळं. ४४.५ मधून दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की बोअर साडेचौतीसचा. मॅन्ड्रेल त्या मापाचं हवं. शिवाय मॅन्ड्रेलला आत सरळ नळी लागते. बेंडच्या अगदी जवळ कापलं असेल तर ते तिरकं बसतं आणि सगळा फेस तिरका येतो. म्हणून कुठे कापायचं ते मशीन हातात आल्यावर ठरवा, आधी नाही.

गॅसने कापलेल्या टोकावर सरळ मशीन लावलं की बिट जातो. कडेला स्लॅग असतो आणि कापलेली कड कडक झालेली असते. कार्बन स्टीलला गॅस लावायचाच असेल तर चार-पाच मिलिमीटर जास्तीचं ठेवून कापा, तेवढं ग्राइंडरने उडवा, मग मशीन. ३७.५ अंशाचा बेव्हल ५ च्या भिंतीवर नळीच्या लांबीत जेमतेम पावणेतीन मिलिमीटर खातो, म्हणजे मशीनला काम तसं थोडंच असतं. टी२२ माझ्या हाती असेल तर मी कटऑफ व्हीलने किंवा सॉने कापेन. कोराडीच्या ६६० मेगावॅटसारख्या सुपरक्रिटिकल बॉयलरमध्ये टी९१ असतं, तिथे गॅसचा विषयच नाही, आणि आतून आर्गॉनचं पर्जिंग (हवा घालवून आर्गॉन भरणं) केल्याशिवाय वेल्डिंगही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. ग्राइंडरची धूळ बारीक असते, या मशीनची चिप जाड, वळलेली आणि धारदार. भिंतीतलं खालचं टोक वर तोंड करून उभं असतं. चिप सरळ आत, तिथून खालच्या हेडरमध्ये (सगळ्या ट्यूब जिथे जोडलेल्या असतात त्या मोठ्या पाइपात). सुपरहीटरमध्ये गेली तर एकतर कुठेतरी अडकून नळीतला वाफेचा रस्ता अडवते, किंवा वाफेबरोबर टर्बाइनपर्यंत जाते. म्हणून मॅन्ड्रेल जिथपर्यंत जातं त्याच्याही खाली स्पंजचा बोळा घाला, बोळ्याला तार, तार बाहेर शेजारच्या ट्यूबला बांधलेली. आणि वही ठेवा: कुठल्या नंबरच्या ट्यूबमध्ये बोळा घातला, कुणी काढला, सही. विसरलेला बोळा चिपपेक्षा वाईट. ती नळी वाफेविना तापते, फुगते आणि फुटते, आणि तोवर तुमचा कारखाना पूर्ण क्षमतेने गाळप करत असतो.

बीओई_सोलापूर:

फोरमनसाहेबांच्या लिहिण्यात कागदाची बाजू राहिली, ती जोडतो. मी को-जनला बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर आहे.

कोन मशीनवाल्याने ठरवायचा नसतो. मंजूर ड्रॉइंग आणि वेल्डिंग प्रोसिजरमध्ये जो असेल तोच. काही ठिकाणी एका बाजूला ३०, काही ठिकाणी ३५, काही ठिकाणी ३७.५ असतो. बॉयलरचा कायदा नवा आलाय, १९२३ चा जाऊन २०२५ चा, पण साइटवर आपल्यासमोर उघडं पुस्तक आयबीआर (भारतीय बॉयलर नियम) १९५० चंच असतं. बाष्पके संचालनालयाची रिपेअरची मंजुरी हातात येण्याआधी एकही ट्यूब कापू नका. अग्निप्रदीपनाची पत्रिका इन्स्पेक्टरला दाखवून काम लवकर होत नाही, हे आमच्याकडच्या संचालक मंडळालाही हळूहळू कळलंय.

दुसरं. बगॅसबरोबर रेती येते, त्यामुळे आपल्या बॉयलरच्या ट्यूब बाहेरून झिजतात. जुन्या ट्यूबचं टोक बेव्हल करण्याआधी तिथली जाडी अल्ट्रासॉनिकने घ्या. पातळ निघाली तर तिथे जॉइंट घेऊ नका, आणखी वर सरका. आणि काही ठिकाणी झिजेचा विचार करून नवीन ट्यूब जाड मागवतात, ५ च्या जागी ५.६. बाहेरचा व्यास तोच राहतो, म्हणजे नवीन ट्यूबचा बोअर लहान, आत दोन्ही बाजूंना ०.६ ची पायरी. मशीनला आतून बोअर करायचा बिट लावता येतो. तो लावा, पण नवीन ट्यूबला. जुन्या ट्यूबला आतून खरवडलं तर बाहेरून रेतीने खाल्लंय आणि आतून आपण.

कराडचा_फॅब्रिकेटर:

काका, साहेब, दोघांचेही आभार. पिच मोजून घेतली, ७६ च आहे, आणि भिंतीचं काम एकेक ट्यूबचं आहे, पॅनेलचं नाही. सप्लायरला डोक्याचा व्यास विचारला तर म्हणाला “बसतं हो, सगळीकडे बसतं.” लेखी मागितल्यावर उद्या कळवतो म्हणाला.

अजून एक शंका. डेमोत शेवटी फेसवर बारीक लाटा उठल्या होत्या. तो म्हणाला नवीन मशीनला होतं तसं. खरं का?

निवृत्त_फोरमन:

नवीन मशीनला तर मुळीच होता कामा नये. थरथर येते ती बहुतेक मॅन्ड्रेल नीट आवळलेलं नसल्यामुळे, किंवा जुन्या नळीत आतला स्केल (साचलेला कडक थर) साफ न केल्यामुळे. मॅन्ड्रेलची पाती स्केलवर बसतात, स्केल सुटतो, पकड जाते. आधी आतून वायर ब्रश मारा, लखलखीत होईपर्यंत. मग बिटची धार बघा. मग फीड. नवशिका माणूस रॅचेट जोरात ओढतो, हवा कमी पडते, मशीन अडखळत कापतं. फीड चिपकडे बघून द्यायचा. चिप सलग वळत बाहेर येतेय तोवर ठीक. तुकडे पडायला लागले की थांबा. माप आल्यावर फीड बंद करून डोकं तसंच दोन-चार फेरे फिरू द्या, फेस साफ होतो.

कटिंग ऑइल ओतायचा मोह होईल. नको. कोरडं चालतं, आणि तेल राहिलं तर आर्गॉन वेल्डिंगला पोरोसिटी (बारीक छिद्रं) येणार, मग मिरजकर तुमच्याच नावाने ओरडणार. काम झालं की अॅसिटोनने आतबाहेर पुसा आणि आतली बारीक बर (कडेला उरलेला धातूचा काटा) हाताने काढा.

भिंतीतल्या एकेक ट्यूबसाठी डोकं बसत नसेल तर हट्ट करू नका. नवीन तुकड्याची दोन्ही टोकं खाली शेडवर मशीनने करून वर पाठवा, भिंतीतली टोकं तुमच्या त्या दोन फिटरना ग्राइंडर आणि फाइलने करू द्या, फक्त त्यांना लँड आतल्या कडेवरून मोजायची सवय लावा. निम्मी टोकं मशीनची असली तरी रिपेअर कमी होतील. कॉइलला मात्र सगळीकडे मशीनच वापरा, तिथे जागा करून घेता येते.

टिगवाला_मिरज:

ओरडणार तर आहेच :)

कराडचा_फॅब्रिकेटर:

मग यंदा भाड्याने घेतो. कॉइलसाठी एक, शेडवर एक. भिंतीला ग्राइंडर. भाड्याच्या मशीनबरोबर काय काय तपासून घ्यावं?

निवृत्त_फोरमन:

साडेचौतीस आणि साडेत्रेपन्न, दोन्ही बोअरची पाती पेटीत आहेत का ते उघडून बघा, बाहेरच्या यादीवर विश्वास ठेवू नका. मॅन्ड्रेल हाताने आवळून-सोडून बघा, सोडल्यावर पाती आपोआप आत यायला हवीत. नाहीतर मशीन नळीतच अडकून बसतं आणि काढायला हातोडा लागतो. बिट वापरलेले असतील तर आपले नवे मागवा. ऑर्डर देताना एका बाजूचा कोन लिहा, “३७.५ अंश” असा. मी दोन्ही बाजूंची बेरीज करून “७५ चा बेव्हल” लिहिलेली ऑर्डर पाहिलीय, सप्लायरने फोन न करता अंदाजाने ३० चे पाठवले होते.