मदत हवी आहे: एलपीजी फोर्कलिफ्टला टाकी कोणती घ्यावी?

बेदाणावाला

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं बेदाणा निवडायचं आणि पॅकिंगचं छोटं युनिट आहे. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या लिलावात अडीच टनी टोयोटा फोर्कलिफ्ट मिळाली. ४वाय इंजिन, पेट्रोल आणि एलपीजी दोन्हींवर चालणारं. पेट्रोलवर फिरवून बघितली, ठणठणीत आहे. मागे काउंटरवेटवर टाकी आडवी ठेवायचा पाळणा आहे, पट्टे आहेत, टाकी तेवढी नाही.

डिझेल नको, कारण माल उघड्या क्रेटमध्ये असतो आणि धुराचा वास लागला की व्यापारी भाव पाडतो. बॅटरीवालीचं बजेट नाही. आता टाकीचे तीन पर्याय समोर आलेत:

एक, मुंबईतला जुन्या मशिनरीचा व्यापारी परदेशी अॅल्युमिनियमची टाकी देतोय. साडेतेहतीस पौंडी, म्हणजे साधारण १५ किलो गॅसची. फोटोत नवीकोरी दिसते.
दोन, गावातला गॅरेजवाला म्हणतो मोटारीची एलपीजी टाकी कायमची बसवून देतो, पंपावर जाऊन भरायची.
तीन, ड्रायव्हर म्हणतो, "मालक, घरचा लाल सिलिंडर उलटा टाका, सगळीकडे चालतंय."

तिसऱ्याला मी नाही म्हटलंय, पण का नाही हे त्याला पटेल असं सांगता येत नाही. पहिल्या दोनांत काय घ्यावं?

स्पॅनर_पाना

ड्रायव्हरपासून सुरुवात करू. घरच्या शेगडीला सिलिंडरच्या वरच्या भागातली वाफ लागते. फोर्कलिफ्टला द्रव गॅस लागतो. तो पाइपातून व्हेपोरायझरपर्यंत येतो, तिथे रेडिएटरच्या गरम पाण्यावर त्याची वाफ होते आणि मग इंजिनात जाते. साधा सिलिंडर उभा ठेवून वाफ ओढायला गेलात तर इंजिन मागेल तेवढी वाफ तो देऊ शकत नाही. सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव धरतो आणि लोड उचलताना गाडी गुदमरते. म्हणून हे लोक तो उलटा करतात. त्या व्हॉल्व्हची रचना त्यासाठी नाही. पाळण्यातून निसटला किंवा पाइप तुटला तर द्रव थेट बाहेर, आणि द्रवाची वाफ होताना ती अडीचशेपट फुगते. शिवाय घरगुती सिलिंडर गाडीला वापरणं हा गुन्हा आहे, २००० सालच्या एलपीजी पुरवठा आदेशाखाली. पुरवठा विभागाची धाड पडली तर सिलिंडरसोबत गाडीही जप्त होऊ शकते, एवढं सांगा त्याला.

नागपुरी_संत्रं

टाकी कोणती हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, भरून कोण देणार?

गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांची सुरक्षितता बघणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याची, मान्यता नसलेला सिलिंडर आयात करता येत नाही, भरताही येत नाही. (पेसोचं मुख्यालय आमच्या नागपुरातच, म्हणून थोडी ऐट.) त्या अॅल्युमिनियमच्या टाकीवर अमेरिकी परिवहन खात्याचा (डीओटी) शिक्का असेल, तो तिथे चालतो. आपल्याकडे कुठला बॉटलिंग प्लांट ती हातात घेणार? मग कोणीतरी आडबाजूला नळी लावून घरगुती सिलिंडरातून तीत गॅस उतरवून देतो. तुम्ही तिसरा पर्याय टाळून फिरून तिथेच आलात.

गॅरेजवाल्याची टाकी मान्यताप्राप्त असू शकते. आयएस १४८९९ (गाडीच्या एलपीजी टाकीचं भारतीय मानक) चा शिक्का आणि ८० टक्क्यांवर भरणं आपोआप थांबवणारा मल्टिव्हॉल्व्ह बघा. पण ती गाडीवर कायमची बसवायची असते, पंपवाला सुटी टाकी भरून देणार नाही. दर खेपेला फोर्कलिफ्ट हायवेवरून पंपावर नेणार का?

बेदाणावाला

पंप आमच्यापासून लांब आहे, आणि ही गाडी रस्त्यावर काढायची नाही. म्हणजे दोन्ही बाद! मग राहिलं काय?

स्पॅनर_पाना

गॅस एजन्सीचा औद्योगिक विभाग. त्यांच्याकडे एलओटी व्हॉल्व्हचे सिलिंडर मिळतात, म्हणजे आत तळापर्यंत नळी असलेले, द्रव काढायचे. टाकी तुमच्या मालकीची नाही, डिपॉझिट भरा, रिकामा द्या, भरलेला घ्या. तपासणीची मुदत वगैरे त्यांच्याकडे.

पण इथे एक खोच आहे, ती एजन्सीच्या पोराला बहुतेक ठाऊक नसते. साध्या एलओटी सिलिंडरची नळी सरळ असते, कारण तो उभा वापरायचा. तुमचा पाळणा आडवा. सरळ नळीचा सिलिंडर आडवा टाकला की गॅस निम्म्यावर आल्याबरोबर नळी उघडी पडते आणि वाफ ओढू लागते. तुम्हाला वाटेल गॅस संपला, आणि अर्धा परत जाईल. खास फोर्कलिफ्टच्या सिलिंडरात नळी एका बाजूला खाली वाकवलेली असते आणि कॉलरला, म्हणजे व्हॉल्व्हभोवतीच्या कड्याला, खाच असते. पाळण्यातली खुंटी त्या खाचेत बसली की नळी खाली आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वर, वाफेच्या भागात, अशी जागा धरते. खुंटी न बसवता पट्टे आवळले तर सेफ्टी व्हॉल्व्ह द्रवात बुडू शकतो. म्हणून एजन्सीला "आडवा बसणारा, द्रव काढायचा" असंच विचारा. ते उभाच देणार असतील तर पाळणा बदलावा लागेल, आणि तो फोर्कलिफ्ट कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडूनच.

कपलरचा, म्हणजे पाइप सिलिंडरला जोडायच्या तोंडाचा, फोटो टाका. त्याच्या आट्यांचे प्रकार वेगवेगळे असतात. आतलं रबरी सील बहुतेक वाळलं असेल, ते बदलाच. पाइपही जुना असेल तर तोही.

नागपुरी_संत्रं

साठा एकूण १०० किलोपर्यंत असेल तर परवाना लागत नाही, म्हणजे १९ किलोचे पाच झाले की थांबा. भरलेले आणि रिकामे दोन्ही उघड्यावर, जाळीत, उभे. तळघरात, खड्ड्यात किंवा गटाराच्या झाकणाजवळ नको, एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तिथे साचतो. सिलिंडर बदलताना इंजिन बंद, गाडी शेडच्या बाहेर.

द्राक्षबाग_मिरज

बेदाणावाले, एक विचारू? गोदाम बंदिस्त आहे का? गॅसच्या गाडीला धूर दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. हवा-गॅसचं मिश्रण बिघडलं की कार्बन मोनॉक्साइड येतोच, वासही नाही. ही गाडी बरीच वर्षं गॅसवर चाललेली दिसत नाही, ट्यूनिंगशिवाय आत नेऊ नका.

बेदाणावाला

गोदाम तिन्ही बाजूंनी बंद आहे, वर दोन एक्झॉस्ट फॅन, त्यातला एकच फिरतो. तो दुरुस्त करतो आधी. कपलरचा फोटो उद्या उजेडात काढून टाकतो. सोमवारी एजन्सीत जातोय. त्यांनी सरळ नळीचाच दिला तर पुन्हा इथेच येईन. आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला नाही कळवलंय. तो म्हणतो, "भरायचं बघू हो, आधी घेऊन तर जा."