शब्दचर्चा : ‘पोर्टल बंद आहे’ म्हणजे नेमके काय?

मूळ प्रश्न (अंबड)

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या संगणक विभागात मी काम करतो. कर्मचाऱ्यांसाठी आमच्याकडे एक अंतर्गत पोर्टल असून रजेचा अर्ज, हजेरी, पगारपत्रक आणि सूचनाफलक हे सर्व त्यावरच असते. ते मराठीत उपलब्ध करून देण्याचे मध्यंतरी ठरले, तेव्हा ज्यांच्याकडून पोर्टल घेतले होते त्यांनी इंग्रजी शब्दांची यादी यंत्राकडून भाषांतरित करवून घेतली आणि एकाही मराठी माणसाच्या नजरेखालून न घालता ती पडद्यावर चढवली. त्यामुळे रजेच्या पानावर ‘लीव्ह’चे ‘सोडा’ असे बटण आले, पाळी निवडण्याच्या चौकटीवर ‘शिफ्ट’चे ‘सरकवा’ असे लिहिलेले दिसू लागले, आणि ‘आपले सत्र संपले आहे’ ही ओळ वाचून आयटीआयमधून आलेला एक शिकाऊ उमेदवार आपली उमेदवारीच संपली असे समजून थेट कार्मिक विभागात जाऊन उभा राहिला. बराच वेळ काही हालचाल न झाल्यामुळे पोर्टलने त्याला बाहेर काढले होते, एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता.

पडद्यावरचे प्रत्येक लेबल बदलण्याची सोय व्यवस्थापकाच्या पानात असल्यामुळे दुरुस्ती माझ्या हातात आहे. ‘सोडा’च्या जागी ‘रजा’ आणि ‘सरकवा’च्या जागी ‘पाळी’ हे बदल मी लगेच केले. ‘रजा’ऐवजी ‘सुट्टी’ लिहावे असे एकाने सुचवले होते. पण सुट्टी सर्वांना मिळते आणि रजा मागावी लागते, हा फरक आमच्या कामगारांना चांगला ठाऊक आहे. मात्र तीन शब्दांपाशी मी अडलो आहे. इंट्रानेटला, म्हणजे केवळ कारखान्यापुरत्या आतल्या जाळ्याला, काय म्हणावे? आपल्या विभागाच्या गरजेप्रमाणे पोर्टलची मांडणी करून घेण्याला, म्हणजे कस्टमाइझ करण्याला, सर्वत्र ‘सानुकूलित करणे’ असे लिहितात. तो शब्द योग्य आहे का? आणि ट्रबलशूटिंगला, म्हणजे बिघाड शोधून दूर करण्याला, ‘समस्यानिवारण’ म्हटल्याने ज्याचे काम अडले आहे त्याला काही कळते का?

प्रतिसाद (पंचवटी)

मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक आहे. संगणकातले मला बेताचेच कळते, पण पहिल्या दोन शब्दांविषयी लिहू शकतो.

संस्कृतात ‘अन्तर्’ या अव्ययाचे ‘आत’ आणि ‘दरम्यान’ असे दोन्ही अर्थ आहेत, आणि लॅटिनमधील ‘इंटर’ हा त्याचाच दूरचा भाऊबंद होय. मराठीने मात्र व्यवहारात या दोन अर्थांची वाटणी केली. आंतरशालेय स्पर्धा शाळाशाळांमध्ये होते आणि आंतरजातीय विवाह दोन जातींमध्ये होतो. उलट अंतर्गत मूल्यमापन शाळेच्या आतच उरकते आणि अंतर्गोल भिंग आतल्या बाजूला वळलेले असते. ही वाटणी मान्य केली, तर इंटरनेट म्हणजे आंतरजाल आणि इंट्रानेट म्हणजे अंतर्जाल, असे सरळ उत्तर मिळते. अडचण एवढीच की पुष्कळ लोक इंटरनेटलाच ‘अंतर्जाल’ लिहून मोकळे होतात. (‘अंतर्राष्ट्रीय’ लिहिणाऱ्यांसाठी जाता जाता : संस्कृत संधीत र् पुढे र आला की पहिला लोपतो आणि मागचा स्वर दीर्घ होतो. निर् आणि रस यांचा ‘नीरस’ होतो, निर् आणि रोग यांचा ‘नीरोग’ होतो, त्याच न्यायाने तेथे ‘अन्ताराष्ट्रिय’ होते. मराठीतील ‘आंतरराष्ट्रीय’ ही आपली स्वतंत्र आणि निर्दोष सोय आहे.)

‘सानुकूल’विषयी. ‘कूल’ म्हणजे नदीचा काठ. काठाला धरून जाते ते अनुकूल आणि काठाच्या उलट जाते ते प्रतिकूल; गोदाकाठी राहणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. ‘दैव सानुकूल झाले’ असे आपण पूर्वीपासून म्हणतो, पण तेथे दैव आपणहून अनुकूल होते, माणूस त्याला तसे करत नाही. पोर्टलच्या बाबतीत सगळी खटपट माणसाची असते. तेव्हा ‘अनुकूलित’ एवढ्यानेच काम भागले असते, त्याच्या मागे ‘स’ जोडण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. तरीही मोबाइलच्या पडद्यांनी हा शब्द इतका रुळवला आहे की आता त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मला विचाराल तर ‘बेतणे’ हे आपले जुने क्रियापद त्याहून सरस आहे. शिंपी कापड अंगाच्या मापाने बेततो. आपण पोर्टल विभागाच्या मापाने बेतावे.

प्रतिसाद (सातपूर)

सरांचे विवेचन कागदावर पूर्ण पटते, परंतु आमचे काम फोनवर चालते, आणि फोनवर ‘अंतर्जाल’ व ‘आंतरजाल’ यांतला फरक ऐकू येत नाही. ज्या दोन गोष्टींची गल्लत झाली की तासभर वाया जातो, नेमक्या त्याच गोष्टींना जवळजवळ एकच उच्चार असलेली नावे देणे मला धोक्याचे वाटते. मी जाळ्याच्या देखभालीचे काम करतो, आणि माझा पहिला प्रश्न नेहमी ‘आतले बंद आहे की बाहेरचे?’ असाच असतो. ‘आतले नेट’ आणि ‘बाहेरचे नेट’ हे शब्द कोणत्याही कोशात नाहीत, पण ते ऐकून आजवर कोणी गोंधळलेले मी पाहिलेले नाही.

या प्रश्नामागचे कारण शब्दाच्या अर्थालाही लागू आहे. १०ने सुरू होणारे, १९२.१६८ने सुरू होणारे आणि १७२.१६पासून १७२.३१पर्यंतचे आयपी पत्ते (जाळ्यातल्या यंत्रांना दिलेले क्रमांक) केवळ खासगी जाळ्यांच्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत; १९९६ साली ठरलेला तो नियम आजही चालतो. अंबडच्या एका कारखान्यात जो पत्ता आहे तोच पत्ता सिन्नरच्या दुसऱ्या कारखान्यात असू शकतो, म्हणून बाहेरचे जाळे असा पत्ता पुढे पोचवतच नाही. एखादा कर्मचारी घरी बसून, व्हीपीएन (बाहेरून कारखान्याच्या जाळ्यात येण्याची सुरक्षित वाट) न जोडता, तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकतो आणि ‘पोर्टल बंद आहे’ असे कळवतो. पोर्टल व्यवस्थित चालू असते. तो दाराबाहेर उभा असतो.

नव्या लोकांना समजावताना मी जुन्या नाशिकमधल्या वाड्याचे उदाहरण देतो, कारण माझे लहानपण तशाच वाड्यात गेले. इंटरनेट हा चव्हाटा, इंट्रानेट हे माजघर. पुरवठादारांना आणि ग्राहकांना ठरावीक मर्यादेपर्यंत आत येऊ देणारे जे एक्स्ट्रानेट असते, ती ओसरी. पोर्टल म्हणजे मोठ्या दरवाजातला दिंडी दरवाजा. त्यातून एका वेळी एकाच माणसाने, वाकून आणि ओळख देऊन आत जायचे. हे शब्द लेबलांवर लिहावेत असे मी म्हणत नाही, पण ‘ओसरी’ म्हटल्यावर एक्स्ट्रानेटची आणखी व्याख्या मला कधी द्यावी लागलेली नाही.

प्रतिसाद (नाशिकरोड)

मी लेखा विभागात आहे, त्यामुळे माझी तक्रार एका निराळ्या शब्दाविषयी आहे. पोर्टलवर मागच्या महिन्याचेच पगारपत्रक दिसत होते म्हणून मी संगणक विभागाला फोन केला, तेव्हा पलीकडून सूचना आली, ‘मॅडम, आधी कॅश क्लियर करा.’ आमच्याकडे या वाक्याचा अर्थ तिजोरीतली रोकड मोजून हिशेब मिटवणे असा होतो, आणि ते काम संध्याकाळी पाचनंतर होते. त्यांना जो शब्द (cache) अभिप्रेत होता तो फ्रेंचमधील लपवण्याच्या क्रियापदावरून आलेला आहे आणि रोकडीशी त्याचा काही संबंध नाही, हे मला पुष्कळ नंतर समजले. ब्राउझर पुन्हा पुन्हा लागणारी पाने जवळ साठवून ठेवतो, म्हणून त्या साठ्याला ‘बेगमी’ आणि त्यातून निघालेल्या जुन्या पानाला ‘शिळे पान’ का म्हणू नये? ‘शिळे पान दिसत आहे, कंट्रोल आणि एफ ५ एकदम दाबून ताजे मागवा’ एवढे सांगितले असते तर माझे काम अर्ध्या मिनिटात झाले असते.

आणखी एक. ‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ अशी सूचना पडद्यावर येते, तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे सांगितले होते की कार्यालयाचे काम आहे, ते खासगी कसे असेल? मराठीत ‘खासगी’च्या समोर ‘सरकारी’ किंवा ‘सार्वजनिक’ उभे राहते, ‘असुरक्षित’ नाही. त्यांच्या संगणकाच्या आतली छोटी बॅटरी संपल्यामुळे तारीख काही वर्षे मागे गेली होती, आणि त्या तारखेला पोर्टलचे प्रमाणपत्र (त्याची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) अजून लागूच झालेले नव्हते, एवढाच मूळ दोष होता. तारीख बरोबर केल्यावर सूचना नाहीशी झाली.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर (अंबड)

सर्वांचे आभार. ताईंच्या पगारपत्रकाच्या गोष्टीमुळे माझा प्रश्नच बदलला. मी ट्रबलशूटिंगसाठी नाम शोधत होतो, परंतु अडचण सांगणारा माणूस कधीच नामाने बोलत नाही, तो क्रियापदाने बोलतो. ‘समस्यानिवारण’ असे बटण असले काय किंवा ‘दोषनिवारण’ असले काय, त्यामागे एक मोकळी चौकट असते आणि तिच्यात बहुतेक जण ‘पोर्टल बंद आहे’ असेच लिहितात. मग मी त्यांना फोन करतो, आणि फोनवर तीच माणसे आपण होऊन अचूक बोलतात. ‘उघडतच नाही’ असे कोणी म्हटले तर दोष जाळ्यात, पत्त्यात किंवा सर्व्हरमध्ये (पोर्टल चालवणाऱ्या मुख्य संगणकात) असतो. ‘उघडते, पण आत घेत नाही’ म्हटले तर परवलीचा शब्द चुकलेला असतो किंवा खाते कुलूपबंद झालेले असते. ‘आत गेलो, पण ते पान दाखवत नाही’ याचा अर्थ त्या पानाचा अधिकार दिलेला नाही. ‘जुनेच दाखवते’ म्हणजे ताईंची शिळी बेगमी. ‘नुसते फिरत राहते’ म्हणजे सर्व्हर किंवा त्यामागचा विदासाठा (डेटाबेस) वेळेत उत्तर देत नाही. ‘अक्षरांचे काहीतरीच होते’ म्हणजे कोणीतरी युनिकोडपूर्व काळातल्या (सर्व संगणकांवर एकसारखी चालणारी अक्षरपद्धती येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टंकलेली सूचना उचलून जशीच्या तशी चिकटवली आहे. इतकी बारीक विभागणी बोलीत तयार असताना आम्ही तिच्यावर ‘समस्या’ हे एकच झाकण ठेवत होतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीतला फरक तर प्रमाणित भाषांतराने पुसूनच टाकला आहे. सर्व्हरकडून येणाऱ्या ४०१ या क्रमांकाचे ‘अनऑथराइज्ड’ हे इंग्रजी नावच फसवे आहे, आणि मराठीत त्याचे ‘अनधिकृत’ झाले. हा शब्द वाचला की आपल्याला अनधिकृत बांधकाम आठवते आणि आपणच काही गुन्हा केला असे वाटते. त्याचा खरा अर्थ ‘आपण कोण आहात ते समजले नाही’ इतकाच आहे. ४०३चा अर्थ निराळा : आपण कोण ते समजले आहे, पण येथे येता येणार नाही. पहिल्यावर उपाय पुन्हा प्रवेश करणे हा आहे. दुसऱ्यावर दहा वेळा प्रवेश करूनही उपयोग नाही, विभागप्रमुखांकडून अधिकार मागून घ्यावा लागतो. पहिल्यासाठी रूढ झालेला ‘प्रमाणीकरण’ हा शब्दही मला खटकतो, कारण त्याने भाषेचे प्रमाणीकरण, मालाचे प्रमाणीकरण आणि माणसाची ओळख पटवणे ही तिन्ही कामे एकाच दावणीला बांधली जातात.

प्रतिसाद (पंचवटी)

४०३साठी ‘मज्जाव’ लिहावे. त्या शब्दात अपमान नाही आणि संदिग्धताही नाही.

‘निवारण’ आपल्याला का अपुरे वाटले, त्याचे कारण सांगतो. निवारण म्हणजे दूर सारणे. तेथे दोष कोणता हे आधीच ठाऊक आहे असे गृहीत असते. शंकेचे निरसन होते, तक्रारीचे निवारण होते, पण आपले निम्मे काम दोष ओळखण्याचे आहे. त्याला वैद्यकात ‘निदान’ हा नेमका शब्द आहे. इंग्रजीतला मूळ शब्दही विसाव्या शतकाच्या आरंभी तार आणि टेलिफोनच्या तारांमधला बिघाड हुडकत हिंडणाऱ्या कामगारांचा होता, असे मी वाचले आहे. म्हणजे हुडकणे तेथेही आधी येते. मराठीत ‘निदान’चा ‘कमीत कमी’ असाही अर्थ होतो, तेव्हा कोणी ‘निदान पोर्टल तरी सुरू करा’ असे लिहिले तर त्याला वैद्यकीय अर्थ लावू नये.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर (अंबड)

तक्रारीच्या पानाला ‘बिघाडाचे निदान’ असे नाव दिले आहे. मोकळी चौकट काढून तिच्या जागी सहा वाक्ये ठेवली आहेत : उघडत नाही, आत घेत नाही, पान दाखवत नाही, जुनेच दाखवते, फिरत राहते, अक्षरे बिघडली. पहिले वाक्य निवडले की ‘आपण आत्ता कारखान्यात आहात की बाहेर?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. (पोर्टलच उघडत नसेल तर हे पान तरी कसे उघडणार, ही शंका रास्त आहे, म्हणून तीच सहा वाक्ये छापून प्रत्येक विभागाच्या फळ्यावर फोन क्रमांकासह लावली आहेत.) ‘सत्र संपले’च्या जागी ‘बराच वेळ काम न झाल्याने आपल्याला बाहेर काढले आहे, पुन्हा प्रवेश करा’ असे लांबलचक वाक्य आले आहे आणि त्याविषयी अजून कोणी विचारायला आलेले नाही. इंट्रानेटसाठी मी काहीच लिहिले नाही. वर नुसते ‘कारखान्याचे पोर्टल’ असे आहे.

‘बेतणे’ मात्र फार काळ टिकले नाही. ‘पोर्टल बेता’ असे बटण मी हौसेने केले, तर दुसऱ्याच दिवशी वेल्डिंग विभागातून विचारणा आली की हे कोणाच्या जिवावर बेतायचे आहे. आता तेथे ‘मांडणी बदला’ असे लिहिले आहे. सरांनी क्षमा करावी.